मोबाईलची चुंबकी चकती : ती नीट कशी वापरावी

गेल्या उन्हाळ्यांत मी कांहीं दिवस कोरेगांवीं माझ्या आत्याकडे राहिलों होतों. हें कोरेगांव म्हणजे सातारा जिल्ह्यांतलें, जरंडेश्वराच्या डोंगराजवळचें, वाघ्या घेवड्याचें, भीमेकांठचें नव्हे. आत्याचें वय सत्तरीच्या पुढें गेलें आहे. तिच्या पुण्याच्या नातवानें आपला वापरलेला आयफोन १२ आणि त्याच्या जोडीला एक पांढरी वाटोळी चकती तिला आणून दिली होती. "आजी, आतां ती पिन खुपसायची कटकट नको. फोन नुसता चकतीवर ठेव, तो आपोआप चिकटेल आणि आपोआप चार्ज होईल," एवढें सांगून तो परत गेला. पहिल्याच सकाळीं माझ्यापुढें चहा ठेवतां ठेवतां आत्या म्हणाली, "आरं बाळा, ह्यो फोन रातभर त्या चकतीवर ठिवला, तरी निम्माच भरला. आन् तापलाय कसा बघ, तव्यावानी. त्या वायरीचाच बरा व्हता!"

तिची तक्रार अगदीं खरी होती. मीं फोन हातांत घेतला. त्याला पुस्तकासारखें उघडणारें जाड चामडी पाकीट घातलेलें होतें. पाकिटाच्या कप्प्यांत बँकेचें कार्ड होतें आणि त्याच्यामागें जरंडेश्वराच्या मारुतीचें एक चपटें पितळी पदक. चकती अंथरुणावर, उशाशीं, वाकळेच्या खालीं. भिंतींतल्या खोबणींत बसविलेला अडॅप्टर कुठल्यातरी जुन्या फोनबरोबर आलेला, पांच वॅटचा. यांतली कोणती गोष्ट गुन्हेगार, हें नुसतें पाहून सांगतां येण्यासारखें नव्हतें. तें कळावयाचें तर त्या चकतीच्या पोटांत काय चालतें तें अगोदर समजून घ्यावें लागतें. आणि तें समजून घेण्यास आत्याच्या घराबाहेरचा विजेचा खांब पुरेसा आहे.

त्या खांबावरच्या पेटीला आपण सर्वजण डीपी म्हणतों. तिच्यांत रोहित्र असतें. एका बाजूनें अकरा हजार व्होल्टांची वीज येते आणि दुसऱ्या बाजूनें घरांत चालण्याजोगी २३० व्होल्टांची वीज बाहेर पडते. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, आंत शिरलेली वीज कुठेंतरी गाळून, कमी होऊन तशीच बाहेर येते. वास्तविक आंत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेचीं दोन स्वतंत्र वेटोळीं असतात आणि त्यांच्या तारा एकमेकींस कोठेंही जोडलेल्या नसतात. पहिल्या वेटोळ्यांतून पुढें-मागें हेलकावणारा प्रवाह वाहूं लागला कीं त्याच्या भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. तें क्षेत्रही तसेंच हेलकावतें, आणि दुसऱ्या वेटोळ्यांतून जातांना त्यांत नवा प्रवाह उत्पन्न करतें. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं ही गोष्ट दाखवून दिली. आपल्याच जिल्ह्यांतल्या कोयनेच्या पाण्यावर सह्याद्रीपलीकडे पोफळीला जी वीज तयार होते, ती घरोघर पोंचेपर्यंत अशा कित्येक न जोडलेल्या वेटोळ्यांवरून उड्या मारीत येते. तेव्हां तारेवांचून वीज देणें हा नवा चमत्कार नव्हे. तो आपल्या खांबावर कित्येक वर्षें चालू आहे.

आतां अशी कल्पना करा कीं, तें रोहित्र मधोमध कापलें. एक वेटोळें चकतीच्या पोटांत बसविलें आणि दुसरें फोनच्या पाठीशीं, बॅटरीला लागून. तारेवांचून चार्जिंग म्हणतात तें एवढेंच. डीपीतल्या रोहित्रांत दोन्ही वेटोळीं एकाच पोलादी गाभ्यावर गुंडाळलेलीं असल्यामुळें चुंबकीय क्षेत्राला बाहेर पळावयास वाव नसतो. कापलेल्या रोहित्रांत मात्र मध्यें फट पडते. ही फट भरून काढण्यासाठीं प्रवाह फार जलद हेलकावावा लागतो. घरांतली वीज सेकंदाला ५० वेळां हेलकावते, तर चकतींतली लाखाहून अधिक वेळां. नव्या चुंबकी पद्धतींत तर तीन लाख साठ हजार वेळां. पुणें केंद्राची जी ७९२ किलोहर्ट्झची मध्यमलहरी आपण वर्षानुवर्षें ऐकत आलों, तिच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत ही गति जाते. पण या लहरी आकाशांत दूरवर धाडावयाच्या नसून समोरच्या वेटोळ्यांत उतरवावयाच्या असतात, आणि ह्यासाठींच दोन्ही वेटोळीं अगदीं समोरासमोर व अगदीं जवळ असलीं पाहिजेत.

येथें लोहचुंबकाचें काम येतें, आणि येथेंच बहुतेकांचा घोंटाळा होतो. चकती फोनला चिकटते ती ज्या चुंबकांमुळें, ते चुंबक फोनला वीज देत नाहींत. त्यांचें चुंबकत्व स्थिर असतें, हेलकावत नाहीं. स्थिर चुंबकापासून वीज मिळत नाहीं. हे चुंबक वेटोळ्याच्या भोंवतीं कड्यासारखे बसविलेले असतात आणि त्यांचें काम जात्याच्या खुंट्यासारखें आहे. खुंटा पीठ दळीत नाहीं. पण तो आहे म्हणून वरची तळी खालच्या तळीवर बरोबर बसते. पूर्वीच्या चकत्यांत ही सोय नव्हती. फोन बोटभर सरकला कीं चार्जिंग मंदावे, आणि आणखी सरकला तर बंद पडे. सकाळीं उठून पाहावें तों फोन रिकामा.

ह्या पद्धतीचा इतिहास थोडक्यांत सांगतों. निरनिराळ्या कंपन्यांच्या चकत्या एकमेकींच्या फोनांस चालाव्या म्हणून २००८ सालीं एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि त्यानें 'ची' नांवाचें मानक ठरविलें. हा शब्द चिनी आहे. जीवनशक्ति असा त्याचा अर्थ. पुढें अॅपल कंपनीनें २०२० सालीं आयफोन १२ मध्यें चुंबकांचें कडें घातलें आणि त्यास 'मॅगसेफ' म्हटलें. २०२३ सालीं तीच कल्पना 'ची-२' या नांवानें सर्वांसाठीं खुली झाली, आणि २०२५ मध्यें तिची मर्यादा १५ वॅटांवरून २५ वॅटांपर्यंत वाढविण्यांत आली.

परंतु म्हणून बाजारांतल्या प्रत्येक फोनला चकती चालते असें समजूं नये. स्वस्त फोनांपैकीं बहुतेकांत मुळीं वेटोळेंच नसतें. अशा फोनच्या पाठीवर दुकानांत मिळणारें चुंबकी कडें चिकटविलें तर तो चकतीला छान चिकटेल, आणि रात्रभर चिकटून राहून सकाळीं होता तेवढाच असेल. कांहीं फोनांत वेटोळें असतें पण चुंबक नसतात. त्यांस मात्र चुंबकी कडें असलेलें कव्हर घातलें कीं काम होतें. म्हणून चकती विकत घेण्यापूर्वीं आपल्या फोनच्या माहितींत 'वायरलेस चार्जिंग' हे शब्द आहेत कीं नाहींत तेवढें पाहून घ्यावें. चिकटतें तें भरतें असें नाहीं, आणि चिकटतें तें पुरें भरतें असेंही नाहीं. मानकाची खूण नसलेली साधी चुंबकी चकती आत्याच्या फोनसारख्या फोनला साडेसात वॅटच देते, जेथें खरी चकती १५ देते. दोन्ही दिसावयास सारख्याच.

आतां आत्याच्या फोनकडे परत येऊं. प्रथम मीं हिशेब केला. तिच्या फोनच्या बॅटरींत सुमारें ११ वॅट-तास शक्ति मावते. अडॅप्टर पांच वॅटचा. वाटेंत चतुर्थांश गळाली असें धरलें तरी पावणेचार वॅट आंत जावयास हवे. म्हणजे तीन-साडेतीन तासांत, शेवटचा भाग सावकाश भरतो म्हणून फार तर चार-पांच तासांत, फोन पुरा भरला पाहिजे. रात्र तर आठ तासांची होती. तेव्हां अडॅप्टर दुबळा असला तरी दोष त्याच्या एकट्याच्या माथीं मारतां येत नव्हता. फोन सावकाश भरत नव्हता; तो मधून मधून भरावयाचा थांबत होता.

कां थांबत होता? याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. फोन व चकती रात्रभर एकमेकांशीं बोलत असतात. फोन आपल्यावरचा भार किंचित् कमी-अधिक करतो, चकतीला तो फरक जाणवतो, आणि या खुणांच्या भाषेंत फोन सांगत राहतो कीं, मला इतकी वीज पोंचली, आणखी द्या, किंवा आतां आंवरा. चकतीला आपण किती पाठविली हें ठाऊक असतें. पाठविलेली व पोंचलेली यांच्यांत फार तफावत दिसली कीं ती ओळखते, मध्यें कोणीतरी तिसराच जेवतो आहे. आणि ती हात आंखडता घेते. आत्याच्या पाकिटांत हा तिसरा म्हणजे मारुतीचें पितळी पदक. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाहीं, म्हणून तें निरुपद्रवी असें आपणांस वाटतें. पण हेलकावणारें चुंबकीय क्षेत्र कोणत्याही धातूंत, मग तें पितळ असो, अॅल्युमिनियम असो कीं तांबें, भोंवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न करतें आणि धातु तापतो. इंडक्शनच्या शेगडीवर भांडें तापतें तें ह्याच प्रकारें. शेगडी स्वतः विस्तव नसते. तसें पदकानें आपल्या परीनें छोट्याशा भांड्याचें काम केलें. नाणें, किल्ली, दागिना, मोटारसायकलवर फोन अडकविण्यासाठीं पाठीस लावलेली लोखंडी पट्टी, ह्या सर्वांची गत हीच. बँकेच्या कार्डाचें नुकसान निराळें: कार्डावरच्या काळ्या पट्टींतली नोंद चुंबकानें पुसली जाण्याचा संभव असतो.

दुसरें कारण पाकिटाची जाडी. कव्हर तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर चालतें. घेवड्याचा एक दाणा आडवा ठेवावा एवढी फट पडली तर वेटोळीं एकमेकांस नीट ओळखीतनाशीं होतात. शिवाय आत्याच्या पाकिटांत चुंबकी कडें नव्हतेंच. त्यामुळें आंतल्या चुंबकांची पकड इतकी सैल झाली होती कीं, अंथरुणाला धक्का लागला कीं फोन सरकावा. ज्या खुंट्यासाठीं एवढा खटाटोप, तोच पाकिटानें काढून टाकला होता.

तिसरें कारण उष्णता, आणि माझ्या मतें या साऱ्या प्रकरणांत मुख्य काळजी तिचीच वाहिली पाहिजे. तारेवांचून दिलेल्या विजेपैकीं चांगली जुळणी असतांनाही शंभरांतले सत्तर ते ऐशीं भागच बॅटरींत पोंचतात. उरलेली वीज वाया जाते. कित्येक लोक या नासाडीबद्दल विजेच्या बिलाची चिंता करतात. ती व्यर्थ आहे. १५ वॅट-तासांची बॅटरी रोज पुरी भरली आणि प्रत्येक वेळीं पांच वॅट-तास वाया गेले, तरी वर्षाला दोन युनिटेंसुद्धां होत नाहींत. पण ती वाया गेलेली वीज जाते कोठें, हा खरा प्रश्न आहे. ती उष्णता होते, आणि बरीचशी फोनच्या पाठींत, बॅटरीला लागूनच होते. हल्लींच्या फोनांतल्या लिथियमच्या बॅटरीचे दोन शत्रु: एक उष्णता, दुसरा सदा तुडुंब भरलेलें पोट. दोन्ही एकत्र आले म्हणजे तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. बाहेरची हवा ३५ अंशांच्या वर असतांना फोन वापरूं अथवा चार्ज करूं नये, अन्यथा बॅटरीची कुवत कायमची कमी होऊं शकते, असें अॅपलच्याच सूचनापत्रांत म्हटलेलें असतें. आणि आपल्या कोरेगांवांत वैशाखाच्या दुपारीं पत्र्याच्या खोलींत ३५ अंश म्हणजे गारवाच म्हणावयाचा! फोन तापला कीं आपल्या बचावासाठीं तो वीज घेणें कमी करतो, कित्येकदां ८० टक्क्यांवर अडून बसतो. वाकळेखालीं तो रात्रभर तेंच करीत होता. थोडा भरे, तापे, थांबे; निवे, पुन्हां घेऊं लागे. सकाळीं निम्मा.

यावर उपाय साधे आहेत. चकती लाकडावर किंवा फरशीवर, उघड्या हवेंत ठेवावी. गादी, उशी, पांघरूण यांच्यापासून दूर. उन्हाळ्यांत चार्जिंग पहांटे किंवा रात्रीं करावें, दुपारीं नव्हे. मोटारींत कांचेपुढें उन्हांत तर कधींच नाहीं. चकतीवर असतांना फोनवर सिनेमा पाहणें किंवा तासभर दृश्य-संभाषण करणें टाळावें, कारण मग फोन दोन्हींकडून तापतो. नव्या फोनांपैकीं कित्येकांत ८० टक्क्यांवर आपोआप थांबण्याची सोय असते. घरींच असणाऱ्या माणसानें ती लावून ठेवावी. अडॅप्टर चकतीच्या मगदुराचा असावा: १५ वॅटच्या चकतीला २० वॅटचा. चकती आपल्या पोटांतून वीज निर्माण करीत नाहीं, हें तिच्या किंमतीकडे पाहून आपण विसरतों. आणि 'वायरलेस' हें नांवही अर्धेंच खरें. चकतीपासून भिंतीपर्यंत तार आहेच.

चुंबकानें पाठीला चिकटणारी बॅटरीची पेटी, ज्याला पॉवर बँक म्हणतात, तीही आतां मिळते. प्रवासांत ती सोयीची खरी. पण तिच्यावर छापलेला ५००० हा आंकडा पाहून आपल्या फोनांत तेवढें पडेल असें धरूं नये. एका बॅटरीतून काढून, हेलकावून, फट ओलांडून दुसरींत भरतांना वाटेंत पुष्कळ सांडतें. निम्म्याहून थोडें अधिक पदरांत पडलें तर समाधान मानावें. तीच पेटी तारेनें जोडली तर बरेंच जास्त मिळतें.

मग तार बरी कीं चकती बरी? मला विचाराल तर घाईच्या वेळीं तार. वळवाचे ढग उठले आहेत, वीज जाण्याचीं चिन्हें आहेत, आणि फोन पंधरा टक्क्यांवर आला आहे, अशा वेळीं चकतीचा मोह सोडून सरळ पिन जोडावी. पण रोजच्या रात्रीच्या चार्जिंगला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, चकती फार उपयोगाची आहे. आत्याची बोटें आतां थोडीं कांपतात. चष्म्याशिवाय पिनेची बाजू कळत नाहीं. दोन-तीनदां खुपसावी तेव्हां बसते. शेताच्या धुळीनें आणि स्वयंपाकघरांतल्या पिठानें पिनेचें भोंक बुजतें. आदल्या फोनचें भोंक असेंच खिळखिळें होऊन तो फोन निकामी झाला होता. ज्या फोनवर पेन्शनचा निरोप येतो, औषधाच्या दुकानाचा क्रमांक असतो आणि पुण्यामुंबईच्या मुलांचा आवाज येतो, तो पिनेपायीं बंद पडूं नये एवढ्यासाठीं तरी चकती ठेवण्याजोगी आहे.

येथपर्यंतची गोष्ट बॅटरीची होती. पण त्या घरीं आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीस पडली, आणि ती श्रोत्यांनीं अधिक लक्षपूर्वक ऐकावी अशी माझी विनंति आहे. दुपारीं जेवण झाल्यावर आतोबांनीं तोच फोन घेतला, भजनें लावलीं, आणि फोन बंडीच्या वरच्या खिशांत ठेवून ते पलंगावर आडवे झाले. आतोबांच्या हृदयाला दोन वर्षांपूर्वीं पेसमेकर बसविलेला आहे. डाव्या गळपट्टीच्या हाडाखालीं, बरोबर त्या खिशाच्या वर.

पेसमेकरमध्यें चुंबक ओळखणारा एक लहानसा खटका मुद्दामच ठेवलेला असतो. तपासणीच्या वेळीं डॉक्टर छातीवर चुंबक धरतात. त्यासरशीं यंत्र हृदयाचें ऐकणें सोडून ठराविक चालीनें ठोके देऊं लागतें. हृदय भलतेंच धांवूं लागल्यास धक्का देणारें जें दुसरें यंत्र असतें, त्याची धक्का देण्याची क्रिया अशा चुंबकानें तेवढ्यापुरती स्थगित होते. २०२१ सालीं अमेरिकेंतल्या मिशिगन प्रांतांतील डॉक्टरांनीं चुंबकी कड्याचा आयफोन १२ अशा एका रुग्णाच्या छातीजवळ धरला, तेव्हां त्या यंत्राचें काम थांबलें आणि फोन दूर नेतांच पूर्ववत् सुरूं झालें, असें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सरकारी औषध-नियंत्रण खात्यानें असे फोन छातींतल्या यंत्रापासून निदान सहा इंच दूर ठेवावे, अशी सूचना काढली. फोन बनविणारेही तेंच सांगतात: एरवीं १५ सेंटिमीटर, आणि तारेवांचून चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर. आपल्या मापानें बोलावयाचें तर नुसता फोन वीतभर दूर, आणि चकतीवरचा फोन हातभर दूर. येथें वीज चालू आहे कीं नाहीं हा प्रश्न नाहीं. ते चुंबक फोनच्या अंगांतच आहेत आणि फोन बंद असला तरी ते जागेच असतात. चुंबकी कव्हर, चुंबकी पॉवर बँक व नुसती चकती यांनाही हाच नियम लागूं आहे.

भिण्याचें कारण नाहीं. पेसमेकर असलेल्या माणसानें हा फोन वापरावा, दुसऱ्या बाजूच्या कानाला लावून बोलावें. मात्र छातीवर बाळगूं नये आणि उशाशीं चार्ज करूं नये. ज्यास चक्कर अगर धडधड जाणवेल त्यानें फोन तत्काळ दूर करावा आणि आपल्या डॉक्टरांस विचारावें. मीं हें सांगितलें तेव्हां आतोबा उठून बसले. "मग ह्ये पोरगं आम्हांस्नी बोललं कसं न्हाई?" असें त्यांनीं विचारलें. त्या पोराला तरी कोठें ठाऊक होतें! सूचनापत्राचा तो बारीक अक्षरांतला कागद खोक्याबरोबर पुण्यासच राहिला होता.

त्या आठवड्यांत आम्हीं साताऱ्याहून चुंबकी कड्याचें पातळ कव्हर आणि वीस वॅटचा अडॅप्टर आणला. मारुतीचें पदक देव्हाऱ्यांत गेलें, कार्ड आत्याच्या बटव्यांत. चकती आतां माजघरांतल्या उघड्या कोनाड्यांत असते, पलंगापासून चांगली पांच-सहा हात दूर. रात्रीं नऊला चतुर्थांश शिल्लक असतांना ठेवलेला फोन साडेअकरापर्यंत भरून होतो, आणि हाताला कोमट लागतो एवढेंच. आतोबांच्या भजनांसाठीं आत्यानें पलंगाच्या पायथ्याशीं एक स्टूल मांडलें आहे. फोन आतां त्यावर असतो.